चिमणी कोठे शे?

डिसेंबर लागला की मी आणि विनिफ्रेड साबळे
एकमेकांना एकेक गोष्ट पाठवतो.
नियम तिचे. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर
कुलकुल वळताना, पिठाळलेलं बोट रोखून घातलेले:
कुणी फॉरवर्ड केलेली नको,
दुकानात मिळणारी नको,
आणि सुंदर तर मुळीच नको,
सुंदर काय, कुणालाही सापडतं.

आता ती बिलासपूरला असते. नियम इथेच राहिले.

बरंच जमलंय आमच्याकडे.
रद्दीतलं एक ग्रीटिंग, वर घंटा, होलीची पानं,
आत शाईने एवढंच: गाडी लेट आहे, जेवून घ्या.
सारंगखेड्याच्या यात्रेतल्या फोटोवाल्याचा पडदा,
बर्फाचे डोंगर, सांताची घसरगाडी
आणि ओढायला काठेवाडी घोडे, कपाळाला शिंगं जोडलेले.
मी विचारलं, तर म्हणाला,
हरणावर बसून फोटो कोण काढेल?
एका वर्षी मला काहीच मिळालं नाही.
रिकामं पाकीट तिकीट लावून धाडलं.
तिने ते बाद धरलं.

यंदाचं ऐक, विनी.
रात्रीचा एक, अंगावर शाल,
संध्याकाळच्या भरिताची अजून ढेकर,
अंगठा सरकत सरकत कुठेतरी अडला.
चोपड्याकडची पोरं. सहा मिनिटांची फिल्लम.
एकोणचाळीस वेळा पाहिलेली,
त्यातले दहा वेळा मीच.

जिनिंगच्या अंगणात बर्फ पडतोय.
म्हणजे पत्र्यावर बसून कुणीतरी कापूस सोडतोय,
त्याची चप्पल दिसते.
बर्फात सरकी आहे,
घमेल्यावर पडली की टक् वाजते.
केळीच्या ट्रॉलीतून सांता उतरतो,
दाढी त्याच कापसाची, एका गालावर सुटलेली,
आणि पाठ केल्यासारखं म्हणतो,
"माय, मी उनू. चिमनी कोठे शे?"
त्याला रीतसर यायचंय, वरून, धुराड्यातून.
ओट्यावरची बाई त्याला खालीवर न्याहाळते,
(शेवटी नाव येतं, मीराबाई सोनवणे)
आत जाते,
आणि रॉकेलची चिमणी आणून त्याच्या हातात ठेवते.
"हाई ले. वात नवी शे."

बस, एवढाच विनोद.
पोरं हसतात, कॅमेऱ्यामागची,
आणि हसता हसता लाइट जाते.
खरीच. हॅलोजन मरतो, पत्र्यावरून शिवी येते.
आपल्या दीपनगरच्या चिमण्या रात्रंदिवस धूर सोडतात, विनी,
आणि चोपड्याला लाइट जाते.

अंधारात काडी ओढल्याचा आवाज.
नुसतं दाखवायला आणलेल्या त्या चिमणीत
रॉकेल होतं.
लाल झग्यातलं ते सोळा-सतराचं पोर
दोन्ही हातांनी तिला धरून उभं राहतं,
मान मागे, श्वास आवरलेला,
आणि मीराबाई हळूच म्हणते,
"दाढी संभाळ, भाऊ."
हे कुणी लिहिलेलं नाही.
लिहिणाऱ्याला हे सुचलंच नसतं.
वरच्याला कुणी थांब म्हटलेलं नाही,
म्हणून कापूस पडतोच आहे,
उजेडाच्या वाटीएवढ्या गोलात येतो,
दिसतो,
जातो.
चौतीस सेकंद. मी मोजले.
मग कुणाचा तरी हात भिंगावर येतो, आणि संपतं.

नियमात बसत नाही, माहीत आहे मला.
तरी पाठवतोय. खाली लिहिलं,
सरकीचा आवाज ऐक, तो तरी कुरूप आहे.

सकाळी तिचं उत्तर, एकच शब्द: बाद.

पण आकडा रात्रीतून एकसष्टवर गेला होता,
आणि त्यातले माझे
फार तर तीन.